भिंतीजवळचा झोका

महाराजांच्या मठात बाईने बाईशी बोलायचं नाही, असा नियम होता. मौनाने पुण्य वाढतं म्हणे. पुरुषांचं मात्र दिवसभर बडबडूनही वाढत असावं. पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या रस्त्यापासून बरंच आत, रानात हा मठ. भोवती उंच भिंत, एकच फाटक, सगळ्यांचे फोन महाराजांकडे जमा. नवरा भक्त झाला म्हणून भुसावळची रेल्वे कॉलनी सोडून मी इथे येऊन पडले होते. बाकीच्या बायाही अशाच, नवऱ्यांमागून आलेल्या.

महाराजांनी जाहीर केलं, आखाजी झाली की कुंदाबाईची मयुरी त्यांच्या खोलीतल्या सेवेला लागेल. पोरगी सतरा वर्षांची. त्या सेवेतून परत आलेली दिपमाला पुढे कितीतरी दिवस जेवत नव्हती, हे आम्ही बघितलं होतं. मयुरीच्या बापाने, निंबाने, धन्य होऊन हात जोडले. कुंदाबाई पुढे झाली आणि एवढंच म्हणाली, "महाराज, वरीसना सण शे. झोका तरी बांधू द्या."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात लेकींचा सण. त्या माहेरी येतात, झाडाला झोका बांधतात, मनसोक्त गातात. पुरुष तिकडे फिरकत नाहीत. ते पत्ते कुटत बसतात, त्या दिवशी त्यांना कुणी बोलतही नाही. माहेरी जाऊ देण्यापेक्षा झोका बरा, असा महाराजांनी हिशेब केला. गाणं काही बोलण्यात मोडत नाही, असंही वर सांगितलं. मोठे ज्ञानी!

मागच्या भिंतीजवळच्या कडुलिंबाला झोका बांधला. सेवेकरी फाटकाजवळ पत्त्यांना बसले, महाराज जेवून आडवे झाले. कुंदाबाईने गाणं धरलं आणि पहिल्याच कडव्यात, आखाजीच्या चालीवर, सगळा बेत सांगून टाकला. फाटकापर्यंत नुसती चाल पोचत होती. मला तर हसूच फुटलं. काय बाई होती!

झोक्याची फळी दोघींनी भिंतीला टेकवून धरायची, तिसरीने तिच्यावरून भिंतीवर चढायचं. भिंतीवर रोवलेल्या काचांवर गोधडी टाकली होती. पलीकडे नांगरलेलं रान, उडी मऊ पडायची. पहिली मयुरी गेली, मग दिपमाला, मग एकेक जण. आवाज कमी होत गेले तसं उरलेल्यांनी गळे मोठे केले. शेवटी कुंदाबाईने एकटीने फळी दाबून धरली आणि मला वर चढवलं.

भिंतीवर बसले तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हिला चढवायला खाली कुणीच नाही. तिला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. कडव्यांच्या मध्ये श्वास घेत ती म्हणाली, "जाय तू, अक्का. मन्ही पोर सुटनी. गानं बंद पडनं ते बठ्ठा सेवेकरी धावत येतीन."

कुंदाबाई एकटी अडकल्याचं मी पलीकडे वाकून बायांना सांगितलं. त्या पळायच्या तयारीत होत्या, पायांत वहाणा नव्हत्या. त्यांना पळताही आलं असतं. पण मयुरी भिंतीला येऊन चिकटली आणि तिने आईच्याच कडव्यापासून गाणं उचललं, इतकं मोठ्याने की मी दचकले. पाठोपाठ सगळ्या गायला लागल्या. फाटकाकडे कुणीतरी पत्ता आपटला, बन्सीलाल सेवेकरी खदाखदा हसला आणि डाव पुढे चालू राहिला.

कुंदाबाई पहिल्यांदा गप्प झाली. मी झोक्याचे दोर वर ओढून धरले. माझे हात सोलून निघाले. ती फळीवर चढली, गोधडी सरकून उघड्या पडलेल्या काचांनी पोटरी फाडून घेतली आणि माझ्याबरोबर पलीकडे उतरली.

मयुरी गायची थांबून रडायला लागली. कुंदाबाईने तिला पोटाशी धरलं, पण क्षणभरच.

"आते थांबू नको," ती म्हणाली. "म्हन."

मग धुळ्याचा रस्ता लागेपर्यंत आम्ही सगळ्या गात गेलो, आणि पोलीस चौकीच्या पायरीवर आधी मयुरीच बोलायला उभी राहिली.