बद्रुद्दीनभाईंची लांब चोचीची स्टिक

अकोल्याच्या त्या हॉकी संघात एक रीत होती. खेळाडू थकून बाजूला झाला की त्याची जागा घेणाऱ्याने त्याची स्टिकही घ्यायची. जुना खेळाडू तिला जवसाच्या तेलाचा हात फिरवून नव्याच्या हाती द्यायचा, मग सगळ्यांचा चहा व्हायचा आणि नव्याने तो हंगाम संपेपर्यंत दुसरी स्टिक धरायची नाही. ही रीत कोणी घातली हे कोणालाच सांगता आलं नसतं. ती मोडावी असंही कोणाच्या मनात आलं नव्हतं.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात बद्रुद्दीन यांचा गुडघा कायमचा गेला आणि मैदानाच्या मधली, सेंटर हाफची जागा धर्मपालला मिळाली. धर्मपाल नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होता. सडपातळ, पायाने चपळ आणि मनगटाने त्याहून चपळ. बद्रुद्दीन गाद्या-रजया भरायचे. कापूस पिंजून त्यांचे खांदे असे भरले होते की त्यांनी मध्यावरून मारलेला चेंडू थेट कडेच्या गड्यापाशी पोचायचा. आसपासच्या गावांत त्याला 'अकोल्याचा टोला' म्हणत. त्यांची स्टिक मिळणं हा मान होता. धर्मपालने ती दोन्ही हातांनी घेतली.

पण सरावाला उतरल्यावर त्या स्टिकने त्याला घाम फोडला. ती जुन्या घडणीची होती, बद्रुद्दीन यांच्या आधी त्या जागी खेळणाऱ्या रेल्वेतल्या एका गोऱ्या साहेबाने जाताना ठेवलेली. खालचा वळलेला भाग, ज्याला सगळे चोच म्हणत, चांगलाच लांब. टोला मारायला आणि चेंडू अडवायला अशी चोच झकास, कारण लाकूड भरपूर मिळतं. मात्र हॉकीत चेंडू सपाट बाजूनेच खेळायचा असतो. डावीकडचा चेंडू उजवीकडे ओढायचा तर स्टिक झटकन उलटी करावी लागते. धर्मपालचा सगळा खेळ त्या झटक्यावर उभा होता. आता तो स्टिक उलटी करी आणि लांब चोच काळ्या मातीच्या भेगेत अडके. चेंडू पुढे निघून जाई आणि कडेला बसलेले लोक हसत.

इतरांचं म्हणणं पडलं की पोराचे हात अजून कच्चे आहेत. धर्मपालला तसं एकदाही वाटलं नाही. आपले हात त्याला ठाऊक होते.

शाळेच्या कामाने तो अमरावतीला गेला, तेव्हा जवाहर गेटाजवळच्या खेळाच्या दुकानात शिरला. पंजाबातून नव्या घडणीच्या, आखूड चोचीच्या स्टिका आल्या होत्या. दुकानदाराने आधी सगळ्यात हलकी काढून दिली. कॉलेजची पोरं हीच नेतात म्हणाला. धर्मपालने ती डाव्या हाताने वरून धरली, उजवा हात खाली सैल ठेवला आणि मनगट फिरवलं. भिंगरीसारखी फिरली. पण पुढे खेळणाऱ्याला ती ठीक; सेंटर हाफला समोरून आलेला जोरकस चेंडू अडवावाही लागतो, आणि तिथे हे कोवळं लाकूड थरथरलं असतं. दुसरी वजनाने चांगली होती, पण तिची चोच पुन्हा लांबीकडे झुकलेली. तिसरी हातात येताच त्याने तीही फिरवून पाहिली. चोच आखूड, वळण आवळलेलं, तरी खाली पुरेसा भार. त्याने चेंडू मागितला आणि दुकानाच्या बोळकांडीत, दोन बाकांच्या मधून, तो सुलटा-उलटा खेळवत आत नेला आणि परत आणला. फरशीला चोच एकदाही लागली नाही.

"हीच बांधून द्या," तो म्हणाला. "नाही, बांधू नका. तशीच नेतो."

अकोल्याला उतरल्यावर तो ती लपवून न नेता सरळ मैदानावर घेऊन गेला. कप्तान वामनराव वयाने मोठे, तोंडाने फटकळ. त्यांनी नव्या स्टिककडे पाहिलं आणि विचारलं की बद्रुद्दीनची कुठे आहे. घरी आहे, म्हणून धर्मपालने सांगितलं, आणि कारणही सांगितलं. वामनरावांनी ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही. पुढच्या रविवारी अमरावतीशी सामना होता, अमरावतीच्याच मैदानावर. एक तर बद्रुद्दीनची स्टिक धर, नाहीतर ती जागा मागे खेळणाऱ्या देवमनला देतो, असं त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं.

"तुमी लोकं आताशा सगळंच मोडून राहिले," ते वर म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी धर्मपालच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि देव्हाऱ्यातल्या मूर्ती मोर्णा नदीत सोडल्या होत्या. टोमणा कुठे मारला हे सगळ्यांना कळलं. देवमन खाली मान घालून बुटाची नाडी बांधत बसला.

"सगळं नाही, वामनराव," धर्मपाल शांतपणे म्हणाला. "मले बसत नाही तेवढंच. ज्यांची स्टिक आहे त्यांनाच विचारतो."

बद्रुद्दीन अंगणात बाजेवर गुडघा शेकत बसले होते. त्यांची बायको खातूनबी रजईला टाके घालत होती. धर्मपालने दोन्ही स्टिका बाजेवर ठेवल्या आणि आडपडदा न ठेवता बोलला: तुमची स्टिक तुमच्या टोल्याची आहे, माझा खेळ टोल्याचा नाही, मी ती घेऊन उतरलो तर तुमचंही नाव घालवीन आणि माझंही.

बद्रुद्दीन यांनी नवी स्टिक उचलली, वजन पाहिलं, मग उठले. खातूनबी ओरडल्या की पाय नीट नाही, तरी ते लंगडत अंगणाच्या मध्यावर गेले आणि धर्मपालकडून चेंडू मागून घेतला. चेंडू डावीकडे गेला, उलट्या स्टिकने उजवीकडे आला, पुन्हा डावीकडे. धर्मपाल पाहतच राहिला. हा माणूस असं खेळू शकतो हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"लग्न झालं तवा असेच खेळत होते," खातूनबी सुई न थांबवता म्हणाल्या. "बारीक बारीक. मंग ते साहेबाचं लाकूड आलं घरात."

"भाईजान, मग सोडलंत काहून?"

बद्रुद्दीन परत बाजेवर बसले. "सोडलं नाही रे. त्या लाकडानं सोडवलं. उलटी करायले गेलो की मातीत रुतायची. रीत होती, तर दुसरी कशी धरू? मंग मारत सुटलो. लोकं म्हणाले, क्या टोला है! मले बी वाटलं, हाच माझा खेळ." ते थोडं हसले. "साहेब गेला, त्याचा टोला आमच्या गळ्यात बांधून गेला. आन् आमी त्याले अकोल्याचा म्हणून राहिलो."

धर्मपालला वाटलं, आता ते वामनरावांना निरोप देतील. पण त्यांनी मान हलवली. "मी एक शब्द बोलणार नाही. माझ्या सांगण्यानं सुटला, तर उद्या दुसऱ्या कोणाच्या सांगण्यानं अडकशील. तूच सांग. आन् हरला तर तूच ऐकून घे."

दुसऱ्या दिवशी संघ जमला तेव्हा धर्मपालने आपण नवीच स्टिक धरणार असं सांगितलं. बद्रुद्दीन काय म्हणाले त्यातलं त्याने काही वापरलं नाही. त्याने फक्त जुनी स्टिक देवमनपुढे धरली. देवमन फुलबॅक, मागे उभा राहून येईल तो चेंडू दूर फेकणारा, हमालासारख्या दंडाचा.

"मार," धर्मपाल म्हणाला.

देवमनने वामनरावांकडे पाहिलं, मग मारला. चेंडू पार पलीकडच्या बाभळीपर्यंत गेला. मग धर्मपालने नव्या स्टिकने चेंडू घेतला आणि अडवायला तिघांना बोलावलं. तिघांतून तो निघून गेला.

"जागा तुझी," वामनराव म्हणाले. "पण अमरावतीले तुझ्यापायी गोल झाला, तर ह्या हंगामात पुन्हा बोलावणार नाही."

अमरावतीचं मैदान मुरुमाचं, कडक आणि वेगवान. पहिल्या अर्ध्यात धर्मपालने दोनदा चेंडू छान काढला. तिसऱ्यांदा मात्र त्याने लोभ केला, एकाला जास्तच चकवायला गेला आणि चेंडू हरवला. अमरावतीचा गडी तो घेऊन थेट गोलात घुसला. वामनरावांनी तोंड फिरवलं. कडेने कोणीतरी ओरडलं की बद्रुद्दीन असता तर तिथूनच भिरकावला असता.

मध्यंतरात सगळे त्याच्यापासून दूर जाऊन बसले. त्याने स्टिककडे पाहिलंसुद्धा नाही. चूक तिची नव्हती. पाणी पिऊन तो देवमनपाशी गेला आणि म्हणाला, "तू मागून लांब मार, कडेला नाही, माझ्याकडे. मी एकालाच चकवून देऊन टाकतो."

तसंच झालं. जुन्या स्टिकने मारलेला देवमनचा लांब टोला मुरुमावरून सणसणत आला. धर्मपालने तो आखूड चोचीखाली दाबून अडवला, एकाला डावीकडे हलवलं, स्टिक उलटी केली आणि चेंडू उजवीकडे सोडून दिला. उजव्या कडेच्या गड्याने आत घातला, वामनरावांनी गोल केला. शेवटाला तीच खेळी पुन्हा झाली. या वेळी अमरावतीचे दोघे उजवीकडे धावले, म्हणून धर्मपालने डावीकडे दिला. दोन-एक.

परतीच्या एसटीत, सामना बघायला आलेले बद्रुद्दीन पुढच्या बाकावर पाय लांब करून झोपले होते. वामनराव बऱ्याच वेळाने मागे आले, धर्मपालच्या शेजारी बसले आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तो गोल तुझ्यापायीच झाला."

"हो," धर्मपाल म्हणाला.

"पुढच्या रविवारी चांदूर रेल्वेले जायचं आहे."

"येतो," तो म्हणाला. "हीच घेऊन."

वामनरावांनी त्याच्या मांडीवरची स्टिक उचलली, एकदा उलटी केली, एकदा सुलटी, आणि परत ठेवली.