माळीकाकांचा ब्रश आणि माझं अंग

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तुम्ही भिंतीला टेकून उभे आहात आणि कुणीतरी तारेच्या ब्रशाने तुमची कातडी खरवडतंय, अशी कल्पना करा. ओरडायला तोंड नाही, पळायला पाय नाहीत. मिटले डोळे? आता ऐका.

मी एक जुनं शैवाक आहे. झाडाच्या सालीवर चुरगळलेल्या राखाडी कागदासारखं दिसतं ना, तेच. एक बुरशी आणि एक हिरवं शेवाळ यांनी मिळून थाटलेला संसार म्हणजे मी. शेवाळ उन्हात अन्न तयार करतं, बुरशी ओल धरून ठेवते. झाडाकडून आम्ही फक्त बसायला जागा घेतो. वर्षाला टाचणीच्या डोक्याएवढं वाढत माझं अंग ताटाएवढं झालं. एकदा चित्रकलेच्या तासाला एका मुलाने मला रंगवलं. शेरा मिळाला, ‘भिंतीचे पोपडे छान.’ माझं कौतुक एवढंच.

मग गेल्या वर्षी शाळेमागे माझ्या झाडाच्या शेजारचं झाड कोसळलं. आतून पोखरलेलं होतं ते. शाळेच्या माळीकाकांचा डावा पाय त्याखाली चिरडला. लंगडत कामावर परतले आणि उरलेल्या झाडावर मला पाहून त्यांचं डोकंच फिरलं.

“हीच ती खरूज, त्या झाडाला खाणारी! ह्या झाडाला नाही खाऊ देणार!”

खर्र, खर्र. माझ्या कडा फाटल्या. घाव सालीपर्यंत गेले. साठ वर्षांचं अंग धूळ होऊन खाली पडू लागलं.

सहावीतली त्यांची पुतणी धावत आली. सगळे तिला भिंगरी म्हणत.

“काका, थांब! बाईंना विचारू या.”

“बाजूला हो! बाईंचा पाय मोडला होता का?”

तिने मला झाकायला हात मध्ये घातला. ब्रश तिच्या हातावरून गेला. रक्ताची धार लागली.

“अगं बये, काय केलंस हे!” काकांचा आवाज फाटला.

ओरडा ऐकून जीवशास्त्राच्या बाई धावत आल्या. त्यांनी आधी तिच्या हाताला रुमाल बांधला, मग माझ्यावर भिंग धरलं. “हे वेगळंच काहीतरी वाटतंय, पण ह्याच्यासारखे दिसणारे साधे भाऊबंद ढीगभर असतात. कॉस्टिकच्या, म्हणजे जाळणाऱ्या क्षाराच्या पाण्याचा थेंब टाकला तर रंगावरून ओळख पटेल. पण पडेल तिथलं मरेल.”

“अंगठ्याएवढंच तर उरलंय, बाई!” भिंगरी कळवळली.

“कडेला टाकते. कणभरच.”

बाईंनी प्रयोगशाळेतून बाटली आणली. थेंब पडला. मी जळत होते, मित्रांनो. डाग आधी पिवळा झाला, मग रक्तासारखा लाल.

“तेच आहे! इथलंच मूळचं, पण दुर्मीळ. आयुष्यात दोनदाच पाहिलंय मी.” बाई काकांकडे वळल्या. “हे झाडाला खात नाही हो. ते झाड आतून कुजलं होतं.”

काकांनी हातातल्या ब्रशाकडे पाहिलं. “म्हणजे मी उगाच ह्याचा जीव घेतला?”



काकांवर रागावू नका, मित्रांनो. ते झाड वाचवायलाच आले होते. पण हात उगारण्याआधी समोर कोण आहे, एवढं विचारत जा.

“बाई, तुटलेले तुकडे पुन्हा धरतील?” भिंगरीने विचारलं.

“सालीच्या फटीत नीट बसले, तर एखाददुसरा जगेलही.”

भिंगरीने काकांच्या हातातला ब्रश काढून घेतला, मांडी घातली आणि रुमाल बांधलेल्या हातानेच तारांत अडकलेला माझा एकेक तुकडा सोडवू लागली.