घासणीला पुरून उरेल ते

आधी तिसऱ्या तुकड्याची गोष्ट, कारण तो सगळ्यांत आधी गेला.

चकचकीत पांढरा अ‍ॅक्रिलिक. त्यात बघून भांग पाडावा असा. नव्या स्वयंपाकघराच्या कपाटांना हीच दारं लावायची म्हणून नवरा हटून बसला होता. मिस्त्रीने तर तो आरशासारखा धरून मिशीसुद्धा नीट करून घेतली होती.

"वहिनी, शोरूमसारखं दिसेल."

"शोरूममध्ये कोणी तळण काढतं का?" सून म्हणाली.

तिने मिस्त्रीकडून चार नमुने मागून घेतले. एक रंगाचा, एक पॉलिश केलेल्या लाकडाचा, हा तिसरा, आणि चौथा लॅमिनेटचा: मातकट, किंचित खरखरीत, कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही असा. चारही जुन्या ओट्यावर शेगडीशेजारी टांगले. तेल उडू दे, वाफ लागू दे, चहा सांडू दे. टिकेल ते घ्यायचं. आणि कोणी पुसायचं नाही!

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

मध्येच नणंदेचं घर.

तिच्याकडे असलं चकचकीत स्वयंपाकघर झालं तेव्हा सासूबाई कौतुकाने राहायला गेल्या. परतल्या त्या गप्प. पोटच्या पोरीने हातातली घासणी काढून घेतली होती. "आई, ओरखडे पडतात. तू बस बाहेर." जिच्या भांड्यांत शेजारणी तोंड बघायच्या, तिला लेकीने पाहुणी करून टीव्हीसमोर बसवलं होतं. तेव्हापासून इथे नव्या स्वयंपाकघराचा विषय निघाला की त्या म्हणत, "करा बाई तुमचं तुम्ही. मला बाहेर एक खुर्ची ठेवा म्हणजे झालं."

सुनेला ती खुर्ची डोळ्यांसमोर दिसायची. सासूबाई त्या खुर्चीत बसल्या की पुन्हा उठायच्या नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खुर्ची येणार नाही. तिने मनाशी खूणगाठच बांधली होती.

पुन्हा तुकडे.

तुकड्यांवर डागच पडेनात. ना तेल, ना चहाचा ओघळ. नवरा खूश. "बघ, काही होत नाही. उगाच मिस्त्रीला ताटकळत ठेवलंस."

सून चक्रावली. मग एका दुपारी ती कामावरून लवकर आली, तर स्वयंपाकघरातून आवाज: खर्र, खर्र. सासूबाई बाह्या सरसावून, तारेची घासणी घेऊन तिसऱ्या तुकड्याशी झुंजत होत्या.

"आई!"

घासणी झटकन पाठीमागे गेली.

"कळकट दिसत होतं गं. कोणी आलं-गेलं तर काय म्हणेल? म्हणून रोज जरासा हात मारते." मग मान खाली घालून, "तुझं काम बिघडवलं ना मी? सांगत होते, खुर्ची ठेव."

सुनेने तिसरा तुकडा उजेडात धरला. कोळ्याने जाळं विणावं तसे ओरखडे. रंगाचा कोपऱ्यांवर उघडा पडलेला. लाकडाचा कोड फुटल्यासारखा पांढरा. आणि चौथा? त्याच्या रेषांमध्ये ओरखडे कुठे जिरले, पत्ता नाही. फक्त कडेची पट्टी सुटली होती.

इतके दिवस ती तेलाची नि वाफेची परीक्षा घेत बसली होती. दारांचा खरा वैरी तर हा समोर उभा!

"आई, थांबू नका. चौथा घासा."

"वेड लागलं का तुला?"

"जोरात. कडेलाही."

संध्याकाळी मिस्त्री आला, तेव्हा नवऱ्याने चौथा तुकडा उलटसुलट पाहिला. "हे? दवाखान्यातल्या कपाटासारखं?"

"दिसू दे."

"वहिनी, मऊ फडक्याने पुसलं तर अ‍ॅक्रिलिकलाही काही–" मिस्त्री म्हणाला.

"मऊ फडकं या घरात कोणाला माहीत नाही. कडेची पट्टी जाड लावा, ही सुटली. आणि दारांवर नक्षी नको, खाचेत घासणी जात नाही."

"अगं, त्यापेक्षा आईलाच सांगू ना, घासू नकोस म्हणून," नवरा म्हणाला. "सोपं आहे."

"तुझ्या ताईला सोपं गेलं. मला नाही जमणार."

नवऱ्याने चौथ्यावरून एकदा अंगठा घासून पाहिला. तुकडा मिस्त्रीच्या हातात देऊन म्हणाला, "हाच."

शेवटचं दार बसलं तेव्हा मिस्त्री दोन पावलं मागे सरून बघत होता. सासूबाई आत आल्या. दारावरून बोट फिरवलं.

"रंग मेला मेलेलाच आहे." मग वाकून, "आणि तुमची बोटं सगळीकडे. सरका बघू."

खर्र.

"अहो आजी, नवं कोरं आहे!" मिस्त्री कळवळला. "वहिनी, सांगा ना त्यांना!"

सून बाहेरच्या खोलीतून ओरडली, "सरका म्हणतायत ना त्या? मग सरका."