न सुटणारा पट्टा

शिवशंकरनं बसवलेली चेन रस्त्यात सुटली, असं मुकुंदवाडीत कुणी म्हणून दाखवावं. त्याच्या गॅरेजला लागूनच माझं पंक्चरचं दुकान आहे. कुणाची स्तुती करायची मला सवय नाही, पण खरं ते खरं. मोटारसायकलच्या चेनची दोन टोकं जोडायला एक बारकं लॉक असतं. ते तो पकडीनं दाबून बसवायचा, नखानं तीनदा तपासायचा आणि मगच गिऱ्हाइकाला सोडायचा.

ही गोष्ट घडली त्या दुष्काळात नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं आणि शेंद्र्याच्या बाजूला मात्र रोज नवी इमारत उठायची. तिला पाणी कुठून मिळायचं, देव जाणे. देवगाव रंगारी हे गाव सोडून आलेला शिवशंकर पाणी वाचवायला तेलकट हात लाकडाच्या भुशानं पुसायचा. त्याच वर्षी पोरांना जुन्या चेनचे पट्टे कमरेला घालायचं खूळ लागलं. शिवशंकर घासलेटात धुतलेली चेन घ्यायचा आणि तिला पुढं पत्र्याच्या पेटीचा हुक लावून द्यायचा. एक हिसका दिला की पट्टा हातात. फॅशन आहे, वेळ आली तर कामालाही येतो, असं पोरं सांगायची. कुणावर वेळ आणणार, हे शिवशंकरनं विचारलं नाही. मीही नाही. उलट मी त्यांना चहा पाजला.

त्याची मुलगी ज्ञानेश्वरी शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला होती. वडिलांनीच सुटे भाग जोडून उभी केलेली लाल मोटारसायकल घेऊन जायची. येताना दोन पोरं तिच्या मागं लागायला लागली. नोकरी सोड, असं शिवशंकर एकदाच म्हणाला. तिनं नोकरी सोडली नाही, पण पोरांसारखा पट्टा मागितला.

लेकीसाठी त्यानं नवी कोरी चेन काढली. भंगारातल्या हुकाचा काय भरवसा, म्हणून चेनला तेच बारकं लॉक लावलं. रोज सकाळी तो स्वतः पकडीनं लॉक बसवायचा आणि संध्याकाळी काढायचा. कमरेला लोखंड दिसलं की पोरं लांब राहतील, अशी त्याची समजूत. मी हवा भरता भरता रोज बघत होतो. मारायची वस्तू झटकन हातात यावी लागते, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. चेन सुटू नये, एवढंच आम्ही जन्मभर बघत आलो.

एका मंगळवारी, साडेचारच्या सुमाराला, चिकलठाण्याच्या अलीकडं त्या दोघांनी तिला गाडी आडवी घातली. तिनं पट्ट्याला हात घातला, ओढला, पुन्हा ओढला. तो निघेना. एकानं त्याच पट्ट्याला धरून तिला गाडीवरून खाली खेचलं. तिनं लाथ घातली, तेव्हा त्यानं स्वतःचा पट्टा काढला. पहिला फटका गाडीच्या लाल टाकीवर बसला, दुसरा तिच्या उजव्या कोपरावर. पलीकडं टँकरला बाया रांगेत होत्या. त्या हंडे घेऊन धावल्या म्हणून पोरं पळाली.

गॅरेजात उभं राहून तिनं हे सगळं न रडता सांगितलं. लॉक काढताना शिवशंकरच्या हातातली पकड दोनदा घसरली. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"अण्णा, तुमचा पट्टा सुटला नाय," ती म्हणाली. "त्याचा एका हिसक्यात सुटला. पेटीचा हुक व्हता त्याला."

शिवशंकर खाली बसला. मला माझीच लाज वाटली. चौकीत तक्रार दिली, पण पोरांचं नाव नाही की गाडीचा नंबर नाही. हवालदारानं लिहून घेतलं आणि बघू म्हणाला.

चौथ्या दिवशी दुपारी एक पोरगा गॅरेजात आला. त्यानं पट्टा पुढं केला आणि म्हणाला, "काका, हुक वाकलाय. सरळ करून द्या."

चेनच्या कड्यांत लाल रंग अडकला होता. शिवशंकरनं तो बघितला, मग माझ्याकडं बघितलं. मी हातातला पाना खाली ठेवला. तो पोराला म्हणाला की हुक गेलाय, पक्कं काहीतरी लावून देतो, हात वर करून उभा राहा. त्यानं चेन पोराच्या कमरेभोवती घट्ट घेतली, लॉक घातलं, पकडीनं दाबलं, नखानं तीनदा तपासलं. पोरानं ओढून पाहिली आणि मस्त बसला म्हणाला.

शिवशंकरनं मागून पट्ट्यात चार बोटं घातली.

"आता सुटायचा नाय," तो म्हणाला. "लाल गाडी माझ्या पोरीची हाय. चल चौकीत."

पोरगा आधी हसला, मग दोन्ही हातांनी पट्टा ओढायला लागला. मी दुकान उघडंच टाकून दुसऱ्या बाजूनं धरलं. चौकी दहा मिनिटांवर. तेवढ्या वाटेत त्यानं किती हिसके दिले, ते मी मोजले नाहीत. रस्त्यावरची माणसं बघत होती. शिवशंकर कुणाशी बोलला नाही आणि त्याची पकड ढिली पडली नाही.

हवालदारानं पट्टा काढून जमा करायला सांगितलं. लॉक हातानं निघेना. गॅरेजातली पकड घेऊन ये, असा घरी निरोप गेला. ज्ञानेश्वरी डाव्या हातात पकड घेऊन आली, उजवा हात गळ्यात बांधलेला. तिनं आधी कड्यांतला लाल रंग पाहिला, मग पोराचं तोंड.

"ह्योच," ती म्हणाली आणि तिनं पकड वडिलांच्या हातात दिली.