चित्राचा रकाना

मी एक जुना प्रोसेसर आहे. वापरून जुना झालेलो नाही, पडून झालो. संगणकाची सगळी आकडेमोड करणारा बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा, एवढीच माझी ओळख.

मित्रांनो, माझी निवड तीन संध्याकाळ चालली होती. घरातले बाबा निवृत्त भांडारपाल. चौकटीच्या कागदावर तक्ता मांडल्याशिवाय ते चप्पलही घेत नसत. त्यांच्या मुलीला घरबसल्या इमारतींचे नकाशे काढायचं काम मिळण्यासारखं होतं; नमुना सोमवारी सकाळी द्यायचा होता. त्यासाठी नवा संगणक घरीच जोडायचा ठरला. तक्त्यात वेग, कोअर, वॉरंटी, किंमत असे रकाने होते. सगळ्यांत वर मी होतो. मुलीचं बोट मात्र खालच्या ओळीतल्या साध्या प्रोसेसरवर होतं.

"बाबा, वरचा स्वतःहून पडद्यावर चित्र दाखवतो का, तेवढं बघा. सगळे दाखवत नाहीत."

"एवढा महागाचा गडी, आणि चित्र दाखवणार नाही होय! तू नकाशे काढ, खरेदी माझ्यावर सोड."

"काढीन की, दिसले तर."

आई हसली. रकाना काही वाढला नाही.

रविवारी जुना संगणक मोडून त्याचे भाग नव्यात घातले. मला मदरबोर्डवर बसवलं. बटण दाबताच पंखा फिरला, मी जागा झालो आणि कामाला लागलो. पडदा काळाच राहिला. बाबांनी मला तीनदा काढलं, फुंकर मारली, तीनदा बसवलं. तिन्ही वेळा मी जागा होतो. ते कळवायची सोय माझ्यात नव्हती.

सोमवार गेला. काम दुसऱ्या कुणाला मिळालं. मंगळवारी तो साधा प्रोसेसर आणला आणि पडदा लगेच उजळला.

"पहिला पीस मेलेलाच निघाला," बाबांनी निकाल दिला. पुढची चार वर्षं येईल त्या पाहुण्याला ते हेच सांगत. त्या वेळी मुलगी पाणी आणायला उठे. मी खणात होतो, त्याच तक्त्याच्या कागदात गुंडाळलेला.

परवा प्रिंटर दुरुस्त करायला मेकॅनिक आला. बाबांनी त्यालाही मला दाखवलं. त्यानं माझ्यावरचा नंबर वाचला.

"काका, या जातीला चित्रासाठी वेगळं कार्ड लागतं. लावलं होतंत का?"

तो मला दुकानात घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी त्यानं परत आणलं. "कार्ड लावून पाहिलं, ठणठणीत आहे हो!"

तो गेल्यावर बाबांनी कागद सपाट केला, पट्टी घेतली, कडेला एक रकाना आखला. वर 'चित्र' लिहिलं, माझ्या ओळीत 'नाही'. कागद मुलीसमोर ठेवला.

तिनं नव्या रेघेवरून बोट फिरवलं. "रेघ सरळ आलीय," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, मला पुसा, कार्ड आणा, असं मी म्हणत नाही. माझ्या जागी दुसरा आहे, त्याचं बरं चाललंय. फक्त घरात काही निवडाल, तेव्हा ते वापरणाऱ्या माणसाचा प्रश्न तक्त्यात आधी लिहा. एक रेघ लागते.

मी पुन्हा खणात आहे, या खेपेला नुसताच. कागद तिनं ठेवून घेतला.