हिमगिरी महाराजांचं बर्फाळ बोट

आमच्या संस्थानी शहरातल्या दौलतगंजात त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. हिमगिरी महाराज डोक्यावरच्या चाईच्या, म्हणजे केस झडलेल्या, चट्ट्यावर चांदीचं टोपण घातलेलं बोट टेकवत, पांढरा धूर निघे, डोकं बधिर होई आणि गर्दी जयजयकार करी. महिन्या-दोन महिन्यांत कुणाकुणाला केस उगवतही, हीच तर पंचाईत!

"रियासत गई, पगड़ी उतरी, देवता रूठे! उसी के ये चट्टे!" महाराज गरजत. दरबार संपल्यापासून आमच्या मराठे मंडळींच्या पगड्या खुंटीवर होत्या, त्यामुळे ही थाप थेट काळजात बसली. चाई पगडीखाली पूर्वीही असायची, दिसत नव्हती एवढंच.

माझे शेजारी जयसिंहराव रियासतीच्या फौजेत सुभेदार. फौज भारतीय सैन्यात विलीन होत होती, आठ दिवसांवर डॉक्टरी तपासणी, आणि डोक्यावर रुपयाएवढे दोन चट्टे. महाराजांनी फर्मावलं होतं, उद्या शंभर मोजेपर्यंत बोट ठेवू.

"मास्तरसाहेब, नोकरी गेली तर पोरांना काय खिलवू? मी तर जाणारच," ते म्हणाले.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, खोड वाईट! जाऊन पाहिलं. धूपाचा धूर वर जातो. महाराजांचा गादीवरून खाली घरंगळत होता, म्हणजे हा सोड्यातल्या जड गॅसचा बर्फ असावा. तडक पाटणकर बाजारातला सोडावॉटरचा कारखाना गाठला.

"त्यांचा चेला रोज येतो," मालक माधवराव म्हणाले. "सिलिंडर उलटा करून गॅस कापडी थैलीत सोडला की बर्फ जमतो. पूजेला लागतो, बोलला."

दुसऱ्या दिवशी मी सिलिंडरच हातगाडीवर घालून दौलतगंजात नेला आणि सगळ्यांसमोर थैलीभर बर्फ काढला. तसाच धूर खाली वाहू लागला.

"घ्या, मीही महाराज झालो! त्यांच्या बोटावरचं चांदीचं टोपण उघडा, आत हाच माल."

मग विड्याचं पान बर्फात दाबून शंभर मोजले. चिमटीत धरताच पानाचा चुरा झाला.

"जयसिंहराव, ही तुमची कातडी."

ते डोक्यावर हात ठेवून गर्दीतून बाहेर आले. महाराज तोवर मागच्या दाराने पसार!

चाई पुष्कळदा आपोआप भरते, श्रेय मात्र महाराज लाटत. डॉक्टरही तिच्यावर हा बर्फ लावतात, पण काही क्षण, मोजून.

तपासणीत लष्करी डॉक्टरने चट्टे पाहिले. "इससे बंदूक चलाने में तकलीफ है? नहीं? अगला!"

जयसिंहराव बर्फानं भाजलेलं डोकं घेऊन गेले असते, तर त्याच डॉक्टरने घरी धाडलं असतं. म्हणून सांगतो, मंडळी, कुणी बरं झालं की हात जोडण्याआधी विचारा, "कशानं?"