नुसता हात

माझ्या लेकीचे सगळे देखणे फोटो माझ्या थोरल्या जाऊबाईंनी काढलेत, आणि त्या प्रत्येकात मी म्हणजे लेकीला सावरणारा नुसता एक हात. सासूबाईंनी त्यातलाच एक मोठा करून भिंतीवर लावला, तेव्हा माझ्या पोटात असं दुखलं की म्हटलं, आता स्वतःचा कॅमेरा घ्यायचाच.

दुकानात जाऊबाई सोबत आल्याच. "हाच घे गं, फोटो बघ काय सुरेख येतो!" म्हणत त्यांनी एक जाडजूड कॅमेरा पुढे केला. फोटो खरंच सुरेख येत होता, पण त्याला दोन्ही हात लागत होते आणि माझ्या एका हातात कायम लेक असते.

"अंधारात हा जरा कमी पडतो हं," दुकानदार छोट्या कॅमेऱ्याबद्दल म्हणाला. पण तो खिशात मावत होता, एका हाताने चालत होता, आणि बटण दाबताना मला चक्क मजा आली.

"हिला जरा धरता?" मी जाऊबाईंना म्हटलं. लेक हसली आणि मी फोटो काढला.

त्यांनी वाकून पाहिलं. "अगं, माझा नुसता हातच आलाय!"

"हो का?" म्हणत मी दुकानदाराकडे वळले. "हाच द्या."